लक्ष्मणरावांचा नांगर

शेतीची कामे ठरलेल्या वेळीच उरकावी लागतात. उन्हाळ्यात नांगरट झाली नाही, तर जमीन तापत नाही. पाऊस पडून वाफसा आला आणि तो निघून जाण्यापूर्वी पेरणी झाली नाही, तर पीक हाती लागत नाही. अशा ऐन हंगामात नांगराचा फाळ मोडला किंवा कुळवाची फास निसटली, तर शेजाऱ्याचे शेत पेरून होते आणि आपले तसेच पडून राहते. अवजार टिकाऊ असणे ही शेतकऱ्याच्या दृष्टीने पोटाची गोष्ट असते, ती यामुळेच.

जुन्या काळी खेड्यांत या अडचणीवर एक उपाय असे. सुतार आणि लोहार हे गावचे बलुतेदार होते. शेतकऱ्याचा नांगर सुताराने करावा, त्याचा फाळ लोहाराने घडवावा, तो बोथट झाला की पाजवून द्यावा आणि मोडला की नवा बसवावा, असा रिवाज होता. या कामाचे पैसे दर वेळी मोजून देण्याची चाल नव्हती. सुगी झाली, की बलुतेदार खळ्यावरून आपल्या वाट्याचे धान्य नेत असत. या पद्धतीत जातीची बंधने होती, आणि बलुतेदाराच्या पदरी पुष्कळदा अन्यायही येत असे. परंतु अवजार ज्याने केले, त्याने ते जन्मभर नीट ठेवावे, हे तत्त्व तिच्यात होते. करणारा आणि वापरणारा एकाच गावात राहत असल्यामुळे वाईट काम करून तोंड लपविण्यास जागा नसे.

पुढे कारखाने निघाले. अवजार एका गावी तयार होऊ लागले आणि शंभर कोसांवरच्या दुसऱ्या गावी वापरले जाऊ लागले. तेव्हा त्याच्या टिकाऊपणाची जबाबदारी कोणी वाहावयाची, असा प्रश्न उभा राहिला. महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आपल्या कामाने दिले, त्यांत लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे नाव अग्रभागी आहे.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी गुर्लहोसूर या गावी झाला. हे गाव तेव्हा मुंबई इलाख्याच्या बेळगाव जिल्ह्यात होते. आज ते कर्नाटक राज्यात आहे. शाळेच्या पुस्तकांत लक्ष्मणाचे मन फारसे रमत नसे. चित्रे काढणे आणि यंत्रे न्याहाळीत बसणे या दोन गोष्टींचा मात्र त्याला मोठा छंद होता. अशा मुलाचे पुढे कसे होणार, याची वडिलांना काळजी वाटे. थोरले बंधू रामचंद्रपंत, म्हणजेच रामूअण्णा, यांनी मात्र धाकट्या भावाचा कल ओळखला. त्यांच्या आधारावर लक्ष्मणराव मुंबईस गेले आणि चित्रकला शिकण्यासाठी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

तेथे त्यांच्यावर एक अनपेक्षित संकट आले. काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांना नीट कळत नाही, असे त्यांच्या ध्यानात आले. ज्याला रंग ओळखता येत नाहीत, त्याने चित्रकार कसे व्हावे? वर्षानुवर्षे मनात बाळगलेली इच्छा सोडून देणे भाग पडले. दुसरा एखादा तरुण निराश होऊन घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी आपल्याजवळ काय उरले आहे, याचा विचार केला. रंग दिसत नसले, तरी रेषा उत्तम दिसत होती, आणि हातही स्थिर होता. त्यांनी यंत्रांची चित्रे काढण्याची विद्या शिकून घेतली. या विद्येत रंगांचे काम नसते. मापे अचूक लागतात. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना याच विषयाचे शिक्षक म्हणून नोकरी मिळाली.

या संस्थेत त्यांना जणू एक मोठी पाठशाळाच लाभली. तेथील कर्मशाळेत जाऊन ते यंत्रे स्वतः हाताळीत. एखादे यंत्र बिघडले, तर ते खोलून त्याचा बिघाड शोधीत. अमेरिकेतून येणारी यंत्रविद्येची मासिके ते मन लावून वाचीत. वर्गात शिकविता शिकविता ते स्वतःच अधिक शिकत होते. परंतु परक्यांच्या राज्यात हिंदी माणसाच्या गुणांची कदर थोडीच होत असे. जी वरची जागा लक्ष्मणरावांना मिळावयाची, ती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी अर्जविनंत्या केल्या नाहीत. त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावास आले.

बेळगावास रामूअण्णांच्या सोबतीने त्यांनी आधीच एक लहानसे दुकान सुरू केले होते. त्या काळी सायकल ही नवलाची वस्तू होती. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि रामूअण्णा त्या बेळगावात विकीत. सायकल घेणाऱ्याला ती चालवावयास शिकविण्याचे कामही रामूअण्णाच करीत. दुकानाबरोबर दुरुस्तीचे कामही चालू झाले. वापरून झिजलेल्या वस्तूंतून पुष्कळ शिकता येते. कोणता भाग आधी झिजतो, कोठे तडा जातो आणि तो का जातो, हे नव्या वस्तूकडे पाहून समजत नाही. मोडलेली वस्तू हाती आली म्हणजे ते समजते. दुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्याला हे ज्ञान रोजच्या रोज मिळते.

तथापि परदेशी माल आणून विकण्यात लक्ष्मणरावांचे समाधान नव्हते. आपल्या देशातील बहुसंख्य लोक शेतकरी आहेत. त्यांना उपयोगी पडेल असे काही आपण येथेच का तयार करू नये, असा विचार त्यांच्या मनात घोळत होता. प्रथम त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. अखंड कडबा जनावरांपुढे टाकला, तर त्यांतील पुष्कळसा पायांखाली जाऊन वाया जातो. बारीक कापून घातला, तर जनावर तो सगळा खाते. त्यानंतर १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर हाती घेतला.

आपल्याकडील जुना नांगर लाकडाचा असे. त्याला पुढे लोखंडाचा फाळ बसवीत. हा नांगर जमीन चिरीत जातो, परंतु ती पलटवीत नाही. काळ्या भारी जमिनीत हरळी आणि कुंदा यांच्या मुळ्या खोल गेलेल्या असतात. लाकडी नांगराला त्या दाद देत नाहीत. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे एक वक्र पाते असते. फाळाने कापलेली ढेकळे या पात्यावरून वर चढतात आणि कुशीवर उलटी पडतात. खालची माती वर येते, तणांच्या मुळ्या उघड्या पडून उन्हात वाळतात आणि जमिनीत पाणी चांगले मुरते. असे नांगर परदेशांतून हिंदुस्थानात येऊ लागले होते. पण ते तिकडील घोड्यांच्या जोरासाठी आणि तिकडील जमिनींसाठी केलेले होते. आपल्याकडे नांगर ओढणारे बैल, त्यांची चाल निराळी, आणि जमीनही निराळी. आपल्या शेताला शोभेल असाच नांगर आपण केला पाहिजे, असे लक्ष्मणरावांचे मत होते. परदेशी नमुना डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी आपला नांगर तयार केला.

नांगर तयार झाले, पण ते घेण्यास कोणी येईना. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते आणि ती नापीक होते, अशी समजूत शेतकऱ्यांत पसरली होती. पहिले नांगर विकले जाण्यास दोन वर्षे लागली. दोन वर्षे दुकानात पडून राहिलेल्या त्या नांगरांकडे पाहून लक्ष्मणरावांना काय वाटले असेल, याची कल्पना सहज करता येईल. भांडवल थोडे, ते लोखंडात अडकलेले, आणि गिऱ्हाईक फिरकत नाही, अशी स्थिती होती.

शेतकऱ्यांच्या या भीतीला केवळ अडाणीपणा म्हणून हसणे योग्य होणार नाही. तिच्यामागे गरिबी होती. १८७६-७७ साली दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. त्या वेळी पनवेलजवळच्या शिरढोण या गावचे वासुदेव बळवंत फडके पुण्यात सरकारी लष्करी हिशेब कचेरीत नोकरीस होते. दुष्काळात शेतकऱ्यांची झालेली दैना त्यांनी फिरून पाहिली आणि त्यांचे अंतःकरण पेटून उठले. त्यांनी रामोशी व इतर धाडसी लोकांची फौज जमवून १८७९ साली इंग्रज सरकारविरुद्ध बंड उभारले. त्याच वर्षी ते पकडले गेले, आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. ज्या शेतकऱ्याच्या दुःखाने या शूर पुरुषाने आपल्या प्राणांची पर्वा केली नाही, तो शेतकरी पंचवीस वर्षांनंतरही सुखी झालेला नव्हता. त्याच्या गाठीला पैसा नसे. नवे अवजार घ्यावयाचे तर पुष्कळदा सावकाराचे कर्ज काढावे लागे. असे घेतलेले अवजार एका हंगामात मोडले, तर अवजारही गेले आणि डोक्यावर कर्जही राहिले, अशी त्याची गत होई. म्हणून अवजार चांगले आहे, एवढे सांगून त्याचा विश्वास बसणे शक्य नव्हते. ते शेतात टिकले पाहिजे, आणि मोडलेच तर ते पुन्हा उभे करणारा कोणीतरी असला पाहिजे, अशी त्याची रास्त अपेक्षा होती.

येथे लोखंडाच्या गुणधर्मांविषयी थोडे समजून घेतले पाहिजे. गावचा लोहार ज्या लोखंडाचा फाळ करीत असे, ते घडीव लोखंड होय. ते भट्टीत लाल करून ऐरणीवर ठेवले आणि घणाचे घाव घातले, की हवा तो आकार घेते. कारखान्यातील नांगराचे पुष्कळसे भाग ओतीव लोखंडाचे असत. लोखंड वितळवून साच्यात ओतले, की एकाच मापाचे शेकडो भाग तयार होतात. त्यामुळे नांगर स्वस्त पडतो. परंतु ओतीव लोखंड ठिसूळ असते. ऐरणीवर ठेवून त्यावर घण मारला, तर ते वाकत नाही. त्याचे तुकडे होतात. त्यामुळे असा फाळ मोडला, तर गावच्या लोहाराच्या कौशल्याचा तेथे उपाय चालत नाही.

फाळ करण्यात आणखी एक अवघड गोष्ट असते. फाळ मऊ राहिला, तर मुरमाड जमिनीत थोड्याच दिवसांत त्याचे टोक झिजून गोल होते, आणि नांगर जमिनीत न शिरता वरच्या वर सरकू लागतो. तो फार कठीण केला, तर दगड लागताच त्याचा टवका उडतो. टोकाला कठीण आणि पाठीला चिवट असा फाळ जमला म्हणजेच तो टिकतो. वितळलेले लोखंड लवकर थंड झाले, तर ते अतिशय कठीण होते. वाळूच्या साच्यात सावकाश थंड झाले, तर तितके कठीण राहत नाही, पण ठिसूळपणाही कमी होतो. चांगला ओतारी या दोन्ही गुणांचा मेळ घालतो. जेथे धार हवी, तेथे साच्यात लोखंडाचा तुकडा बसवितात, म्हणजे तेवढाच भाग झटकन थंड होतो. ही विद्या केवळ पुस्तकातून साधत नाही. ती भट्टीपाशी उभे राहून, पुष्कळ फाळ वाया घालवून आणि शेतातून परत आलेला माल तपासून हस्तगत करावी लागते.

तरीही कितीही उत्तम फाळ केला, तरी तो कधी ना कधी झिजणारच. जमिनीशी रोज झगडणारी वस्तू अमर असू शकत नाही. म्हणून नांगर असा असावा लागतो, की त्याचा झिजणारा भाग काढता यावा आणि त्याच मापाचा नवा भाग तेथे बसविता यावा. फाळ झिजला म्हणून अख्खा नांगर टाकण्याची वेळ शेतकऱ्यावर येऊ नये. परदेशी नांगराचा एखादा भाग मोडला, तर त्याच्या जोडीचा भाग मिळण्यासाठी आगबोटीची वाट पाहावी लागे. तोवर हंगाम निघून जाई. नांगर आपल्याच मुलुखात तयार होऊ लागला, तेव्हा त्याचे सुटे भागही आपल्याच मुलुखात मिळू लागले. बलुतेदार लोहाराचे काम आता कारखान्याने करावयाचे होते. गावातल्या लोहाराप्रमाणे कारखानदाराला शेतकरी रोज भेटत नसे. म्हणून त्याची जबाबदारी उलट अधिकच मोठी होती.

हळूहळू काही शेतकऱ्यांनी धीर केला. त्यांच्या शेतांत लोखंडी नांगर चालला. जमिनीत विष कालवले गेले नाही. उलट हरळी निघाली आणि पीक चांगले आले. शेतकरी आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवतो. एका शेतातील पीक पाहून बांधापलीकडचा शेतकरी नांगराची चौकशी करू लागला. लक्ष्मणरावांच्या नांगराची मागणी वाढू लागली.

इतक्यात दुसरे संकट ओढवले. बेळगाव येथे नवी वस्ती वसविण्याचे ठरल्यामुळे नगरपालिकेने कारखान्याची जागा खाली करण्यास सांगितले. जमू लागलेला धंदा मोडण्याची वेळ आली. नव्या जागेसाठी पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न होता. या प्रसंगी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस धावले. हे राजे स्वतः उत्तम चित्रकार होते आणि गुणी माणसांची त्यांना पारख होती. त्यांनी लक्ष्मणरावांना औंध येथील देवालयाच्या सभामंडपाचे काम दिले. आपल्या संस्थानात कुंडल रोड या रेल्वे स्टेशनाजवळ ३२ एकर जमीन दिली आणि पैशाचेही साहाय्य केले.

ती जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला ओसाड माळ होता. सापांचा तेथे सुळसुळाट असे आणि पाण्याचे हाल होते. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे यांना घेऊन तेथे आले. निवडुंग तोडून त्यांनी कारखाना उभारला आणि राहण्यासाठी घरे बांधली. या वस्तीचे नाव किर्लोस्करवाडी असे पडले. पुढे रेल्वे स्टेशनालाही तेच नाव मिळाले. आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे.

किर्लोस्करवाडी उभी राहिली, ती माणसांच्या बळावर. लोखंडाची पारख करणारे लक्ष्मणराव माणसांचीही तितकीच चांगली पारख करीत. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी आणि व्यवस्था पाहिली. शंभोराव जांभेकर यांनी यंत्रांचा भार उचलला. मंगेशराव रेगे यांनी हिशेब सांभाळला. शाळेत अपयश आलेले अनंतराव फळणीकर येथे कल्पक कारागीर म्हणून नावारूपास आले. स्वतः लक्ष्मणरावांनाही शाळेने फारसे शाबासकीचे शब्द दिले नव्हते. त्यामुळे परीक्षेतील गुणांवरून ते माणसाची किंमत करीत नसत.

याहून विशेष गोष्ट म्हणजे त्यांनी राखणदार म्हणून निवडलेली माणसे. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे दोघे तुरुंगवास भोगून आलेले होते. अशांना कोणी दारातही उभे करीत नसे. लक्ष्मणरावांनी त्यांच्याच हाती वाडीच्या रक्षणाचे काम सोपविले, आणि त्या दोघांनी तो विश्वास सार्थ केला. वासुदेव बळवंतांनी रामोश्यांच्या अंगचे शौर्य ओळखले होते; लक्ष्मणरावांनी त्यांच्यापैकी एकाच्या अंगचा प्रामाणिकपणा ओळखला. वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, असा लक्ष्मणरावांचा कटाक्ष होता. त्या काळी अशी शिस्त लावणे सोपे नव्हते. बलुतेदारीतील चांगला भाग, म्हणजे केलेल्या कामाची जबाबदारी, त्यांनी उचलला. तीतील जातीची उच्चनीचता मात्र त्यांनी वाडीच्या वेशीबाहेर ठेवली.

१९१४ साली युरोपात महायुद्ध सुरू झाले. परदेशी नांगरांची आवक घटली आणि किर्लोस्करवाडीच्या नांगरांना मागणी वाढली. परंतु कारखान्याला लागणारे लोखंड आणि कोळसा यांचीही टंचाई पडली. लोखंडच नाही, तर नांगर कशाचे करावयाचे? अशा वेळी कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी आपल्या संस्थानातील निरुपयोगी होऊन पडलेल्या जुन्या तोफा लक्ष्मणरावांना दिल्या. एके काळी रणांगणावर आग ओकणाऱ्या त्या तोफा भट्टीत वितळल्या आणि त्यांचे नांगर होऊन शेतकऱ्यांच्या शेतांत गेले. अडचणीच्या दिवसांतही वाडीची भट्टी विझली नाही.

युद्धानंतर कारखाना वाढला. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी स्थापन झाली. नांगरांबरोबर उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पाण्याचे पंप तेथे तयार होऊ लागले. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक सुरू केले. कारखान्याचा माल आणि त्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचावी, हा त्याचा मूळ उद्देश होता. पुढे तेच मासिक 'किर्लोस्कर' या नावाने महाराष्ट्राच्या घराघरांत वाचले जाऊ लागले. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेत यंत्रशास्त्र शिकून १९२६ साली परत आले आणि कारखान्यात दाखल झाले. एका नांगरापासून निघालेला हा उद्योग इंजिने, विजेच्या मोटारी आणि लेथ यंत्रे यांपर्यंत जाऊन पोहोचला.

आयुष्याच्या अखेरीस लक्ष्मणरावांना आणखी एक कठोर आघात सोसावा लागला. १९४८ साली महात्मा गांधींच्या हत्येनंतर ठिकठिकाणी दंगली उसळल्या. त्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यास आग लावण्यात आली आणि फार मोठी हानी झाली. ओसाड माळावर जन्मभर राबून जे उभे केले, त्याची राख पाहण्याचा प्रसंग ऐंशीच्या घरात पोहोचलेल्या या वृद्धावर आला. पण मोडलेले पुन्हा उभे करावयाचे असते, हाच त्या वाडीचा धर्म होता. राख झाडून कारखाना पुन्हा सुरू झाला, आणि तो चालू असलेला पाहण्याचे भाग्य लक्ष्मणरावांना लाभले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, भारत सरकारने त्यांच्या सन्मानार्थ टपालाचे तिकीट काढले.

आज बाजारात पाना, पक्कड, हातोडी अशी हत्यारे घेताना काहींच्या वेष्टनावर आजन्म हमी असे छापलेले आढळते. हत्यार त्याच्या घडणीतील दोषामुळे मोडले, तर कारखाना ते बदलून देतो, असा तिचा सर्वसाधारण अर्थ असतो. वापराने झिजलेली धार किंवा हयगयीने झालेली मोडतोड बहुधा या हमीत बसत नाही. तिची काळजी वापरणाऱ्यानेच घ्यावयाची असते. अवजाराला गंज चढू देऊ नये, ज्या कामासाठी ते केले आहे त्याच कामासाठी ते वापरावे, आणि काम संपले की पुसून जागेवर ठेवावे. ही वापरणाऱ्याची हमी होय. या दोन्ही बाजू सांभाळल्या, तरच हत्यार दीर्घकाळ टिकते.

हमीचा कागद वेष्टनात घालणे सोपे असते. तिच्यामागे चांगले लोखंड, निष्णात हात आणि मोडलेल्या भागाच्या जागी नवा भाग देण्याची तयारी नसेल, तर त्या कागदाचा उपयोग नाही. लक्ष्मणरावांनी पहिला नांगर केला, तेव्हा त्यांच्याजवळ देण्यासारखे नाव नव्हते आणि शेतकऱ्याजवळ गमावण्यासारखा पैसा नव्हता. दोन वर्षे नांगर पडून राहिले, तरी त्यांनी आपले काम सोडले नाही. ज्या शेतकऱ्याने लोखंडाला विष मानले होते, त्याच शेतकऱ्याची मुले पुढे किर्लोस्करांचा नांगर खांद्यावर घेऊन शेताकडे निःशंकपणे जाऊ लागली.